नवी नोकरी आणि मनातली धाकधूक : मंडणगडच्या मुलामुलींशी आणि त्यांच्या घरच्यांशी थोडे बोलणे

नोकरीचे पत्र आले की घरात मिठाई वाटली जाते, शेजारीपाजारी मुबारकबाद द्यायला येतात, मामू मुंबईहून फोन करतात. आणि ज्याला नोकरी लागली तो मात्र रात्री छताकडे बघत पडलेला असतो. "मला जमेल का? तिथे सगळे माझ्यापेक्षा हुशार असतील. इंग्रजीत विचारलं तर काय बोलू? चुकून निवड तर झाली नाही ना माझी?" हे तो कुणाला सांगत नाही. खुशीच्या घरात असे बोलणे बरे दिसत नाही.

ही धाकधूक नवी नाही आणि ती कमजोर ईमानाची निशाणीही नाही. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञ महिलांनी याच भावनेवर एक निबंध लिहिला होता. शिक्षणात आणि कामात उत्तम यश मिळवलेल्या अनेक स्त्रियांना आतून वाटत होते की आपण इथे चुकून आलो आहोत, एक दिवस आपले पितळ उघडे पडणार. म्हणजे पात्रता असूनही शंका राहते. शंका वाटते म्हणून पात्रता नाही, हा हिशेबच चुकीचा.

पण मंडणगड तालुक्यात या शंकेला एक खास कारण आहे, आणि ते आपण समजून घेतले पाहिजे.

आपल्या भागातून बाहेर पडणे ही काही आजची गोष्ट नाही. बाणकोट, वेसवी, म्हाप्रळ ही सावित्री खाडीकाठची गावे. इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आली. कुणी जहाजावर गेले, कुणी मुंबईच्या गोदीत, पुढे आखातात. तेव्हा भीती नव्हती असे नाही. पण जाणारा एकटा जात नव्हता. आधी चाचा गेलेले असायचे. मुंबईत गावाची खोली असायची, तिथे अंथरूण टाकायला जागा मिळायची. दुबईला उतरले की विमानतळावर गावातलाच कुणी उभा. काम कसे मागायचे, साहेबासमोर किती बोलायचे, पहिल्या पगारातून किती पाठवायचे, हे सगळे सांगणारा माणूस होता. शंका त्यालाही होती, पण ती वाटून घेतली जायची.

आज मुलगी फिजिओथेरपिस्ट होते, मुलगा डेटा ॲनालिस्ट होतो, कुणी वकिलीची सनद घेते, कुणी बँकेत लागतो. या वाटेवर चाचा गेलेले नाहीत. खानदानात पहिलाच. विचारायला कुणी नाही, म्हणून साध्या गोष्टीही डोंगरासारख्या वाटतात : ईमेलची सुरुवात कशी करायची, जेवणाच्या सुट्टीत नमाजसाठी जागा कुणाला विचारायची, काम समजले नाही तर परत विचारले तर चालते का. या न कळण्याला आपण "माझ्यात आत्मविश्वास नाही" असे नाव देतो. खरे तर त्यातला मोठा भाग माहितीचा अभाव असतो, आणि माहिती मिळवता येते.

आंबडव्याच्या बॅरिस्टरची पहिली वर्षे

पहिलाच असणे म्हणजे काय, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच तालुक्याच्या मातीशी जोडलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. त्यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर राज्यघटना येते. पण त्यांच्या नोकरीची आणि वकिलीची सुरुवात कशी होती, ते क्वचितच सांगितले जाते.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस. तरी सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मोजले नाही, आणि प्राध्यापकांच्या खोलीतल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये असा आक्षेप सहकाऱ्यांनी घेतला. पुढे त्यांची शिकवण्याची तयारी पाहून दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांच्या वर्गात येऊन बसू लागले. हा बदल कुणाला समजावून झाला नाही. रोजच्या तासाची तयारी, रोजचा तास, यातून झाला.

१९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते. त्यांचे पारशी मित्र नवल भथेना मदतीला आले. सनद मिळाली, पण काम कुठे? उच्च न्यायालयातले काम सॉलिसिटरकडून येते, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. मग त्यांनी जे मिळेल ते घेतले, बाहेरगावच्या कोर्टांतली, लहानसहान प्रकरणे. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायला जाऊन घरखर्चाला हातभार लावला. १९२६ मध्ये पुण्याच्या 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे, जवळकर यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि जिंकले, तेव्हा वकील म्हणून त्यांचे नाव गाजले. सनद ते हा खटला, मध्ये तीन वर्षे गेली.

आपली मुले तीन महिन्यांत निकाल लावतात : "मला हे जमत नाही."

ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडणगडला न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, सरन्यायाधीश भूषण गवई आले होते. आता तालुक्यातल्या ज्या मुलीला वकिली करायची आहे, तिला पहिले प्रकरण चालवण्यासाठी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली इथेच तारखा घेत, अर्ज लिहीत शिकता येते. सावित्रीच्या पलीकडे, म्हाप्रळसमोरच्या आंबेत गावचे अब्दुल रहमान अंतुले बॅरिस्टर झाले आणि १९८० मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले, हे तर आपल्याकडे लहान पोरांनाही माहीत असते. या दोन्ही माणसांच्या गावांमध्ये फार अंतर नाही, आणि दोघांच्याही लहानपणी तिथे आजच्यासारखी सोय काहीच नव्हती.

कमी कुणात आहे?

इथे एक गोष्ट उघड बोलायला हवी, कारण आत्मविश्वासावर बोलणारे बहुतेक वक्ते ती टाळतात. आपल्या मुलांच्या मनातली प्रत्येक शंका ही मनाचा खेळ नसते. नाव ऐकून घर नाकारले जाते, हिजाब बघून मुलाखत लवकर आटोपली जाते. जालना जिल्ह्यातले अन्सार शेख २०१६ च्या निकालात अवघ्या २१ व्या वर्षी यूपीएससी पास झाले. वडील रिक्षाचालक. पुण्यात शिकायला आले तेव्हा मुसलमान म्हणून राहायला जागा मिळेना, शेवटी मित्राचे 'शुभम' हे नाव सांगून खोली घ्यावी लागली, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. पास झाल्यावर, आता नाव लपवायची गरज नाही, असेही ते म्हणाले.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकले पाहिजे. एक, "मला हे काम अजून येत नाही." दुसरी, "समोरच्याच्या मनात माझ्याबद्दल आधीच काहीतरी ठरलेले आहे." पहिलीवर इलाज म्हणजे शिकणे. दुसरीवर इलाज आपल्या एकट्याच्या हातात नसतो. तिथे पुरावा ठेवणे, लेखी बोलणे, गरज पडली तर तक्रार करणे किंवा दुसरी जागा बघणे हे मार्ग आहेत. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा दुसऱ्याच्या मनातली कमी आपण स्वतःची कमी समजून घरी घेऊन येतो. दोष त्याचा, आणि झोप उडते आपली.

उर्दू माध्यमाचेही तसेच. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलांना मराठी आणि इंग्रजी दोन्हीकडे अडखळायला होते, हे खरे आहे. ते लपवू नये. पण अडखळणे म्हणजे अक्कल कमी असणे नव्हे. यवतमाळच्या अदिबा अनम यांचे शिक्षण जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत सुरू झाले, वडील रिक्षा चालवत. आधीच्या प्रयत्नांत अपयश आले, आणि एप्रिल २०२५ मध्ये लागलेल्या यूपीएससीच्या निकालात त्या देशात १४२ व्या आल्या. माध्यम बदलायला वेळ लागतो, तेवढा द्यावा लागतो.

आणि बोलण्याची भीती? हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनच्या दरबारात जायचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी अल्लाहकडे मन मोकळे होण्याची आणि जिभेची गाठ सुटण्याची दुआ मागितली, आणि सोबत भाऊ हारून (अ.) यांना मागितले, कारण ते बोलण्यात अधिक सफाईदार होते. 'रब्बिश्रह्‌ली' ही दुआ आपल्याकडे मुले परीक्षेआधी पाठ म्हणतात. पण तिच्या पुढचा भाग, सोबती मागण्याचा, आपण विसरतो. मदत मागणे ही कमजोरी असती तर पैगंबरांनी ती मागितली नसती.

घरच्यांनी काय बोलावे

आता पालकांसाठी. मूल घाबरून बोलले की आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक : "अरे काय घाबरतोस, तू तर वाघ आहेस!" दुसरे : "तरी मी सांगत होतो, तुला झेपायचं नाही, चाचाच्या दुकानात बस." दुसऱ्याने नुकसान होते हे सगळ्यांना कळते. पहिल्यानेही फारसे साधत नाही, कारण मुलाला ठाऊक असते की आपण वाघ नाही.

हिरा गुहेतील पहिल्या वहीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) घरी परतले तेव्हा ते थरथरत होते आणि त्यांनी अंगावर पांघरूण घालायला सांगितले, हा प्रसंग आपण सीरतच्या बयानात ऐकलेला असतो. ती नबुव्वतची बाब, तिची तुलना आपल्या नोकरीधंद्याशी होऊच शकत नाही. पण घाबरलेल्या माणसाशी घरच्याने कसे बोलावे याचा धडा हजरत खदीजा (रजि.) यांनी त्या दिवशी दिला. त्यांनी नुसते "काही होणार नाही" म्हणून सोडले नाही. अल्लाह तुम्हाला एकटे पाडणार नाही, हे सांगताना त्याची कारणे मोजून दाखवली : तुम्ही नाती जपता, दुबळ्यांचा भार उचलता, ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठी झटता, पाहुण्याचा मान राखता. सगळी स्वतः डोळ्यांनी पाहिलेली कामे. आणि तेवढ्यावर न थांबता त्या आपले जाणकार नातलग वरका इब्न नौफल यांच्याकडे त्यांना घेऊन गेल्या.

बघा, यात दोन गोष्टी आहेत. खरी, पाहिलेली कामे आठवून देणे, आणि मग त्या विषयातल्या जाणकाराकडे नेणे. मुलीला "तू हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "दादीच्या आजारपणात औषधांचं सगळं वेळापत्रक तूच सांभाळलंस, हॉस्पिटलात डॉक्टरांशी तूच बोललीस" हे म्हणा. ते तिला खोडता येत नाही. आणि नर्सिंगमधल्या अडचणीला स्वतः सल्ला देत बसण्यापेक्षा, खेडला, महाडला, मुंबईला, जिथे कुठे ओळखीची एखादी नर्स असेल तिचा नंबर शोधून द्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. तिची पहिली नोकरी ही आपल्याकडे साऱ्या मोहल्ल्याची परीक्षा होऊन बसते. ती महिनाभरात कंटाळली तर "बघा, म्हटलं नव्हतं" म्हणायला लोक तयारच असतात. म्हणून ती ऑफिसातला त्रास घरी सांगत नाही, सांगितला तर नोकरी सोडायला लावतील ही भीती. भावाने आणि वडिलांनी पहिल्याच दिवशी एवढे स्पष्ट सांगावे : अडचण सांगितलीस म्हणून नोकरी बंद होणार नाही. या एका वाक्याने तिचे अर्धे ओझे उतरते. हजरत खदीजा (रजि.) स्वतः मक्केतल्या नावाजलेल्या व्यापारी होत्या, हे या वेळी आठवायला हरकत नाही.

पंधरा दिवसांची कुऱ्हाड

अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एक रिवायत आहे. मदीन्यातील एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आले. घरात काय आहे असे विचारल्यावर कळले की एक जाडे कापड आहे, थोडे अंगावर घेतो थोडे अंथरतो, आणि पाणी प्यायचा एक प्याला. प्रेषितांनी (स.) त्या वस्तू मागवून लिलाव केला. एकाने एक दिरहम म्हटले, दुसऱ्याने दोन. दोन दिरहम आले. एकाचे घरच्यांसाठी जेवण, दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी आपल्या हाताने बसवून दिला आणि सांगितले, जा, लाकडे तोडून विक, आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो माणूस परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

भीक मागण्यापेक्षा मेहनत बरी, एवढाच अर्थ आपण या प्रसंगाचा घेतो. पण यात नवे काम सुरू करायची सगळी रीत आहे. आधी घरच्या जेवणाची सोय, कारण उपाशी घरात हिंमत टिकत नाही. मग एकच अवजार, दहा नाही. सुरुवातीला जाणकाराचा हात, म्हणजे तो दांडा. आणि मग मोजकी मुदत, ज्यात कुणी येऊन "किती कमावलंस" विचारणार नाही.

अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेले म्हणणे याच्याशी जुळते : "मला जमेल" हा विश्वास सर्वांत पक्का बसतो तो स्वतः एखादे काम पार पाडल्याने. भाषण ऐकून येणारा जोश त्याच्यापुढे कच्चा. आपल्यासारखाच दुसरा कुणी करताना दिसला तर त्यानेही विश्वास वाढतो, पण त्याचा नंबर नंतरचा.

तेव्हा नव्या नोकरीचे पहिले पंधरा दिवस असे काढा. एक साधी वही घ्या. रोज संध्याकाळी तीन ओळी : आज काय शिकलो, काय अडले, उद्या कुणाला विचारायचे. अडलेले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी विचारा. नव्या माणसाने विचारलेले कुणाला खटकत नाही, सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारला तर खटकतो. साहेबाने काम सांगितले की ते आपल्या शब्दांत परत सांगून घ्या, "म्हणजे गुरुवारपर्यंत ही यादी तयार करून द्यायची, बरोबर ना?" निम्म्या चुका इथेच टळतात. इंग्रजीत अडलात तर मराठीत किंवा हिंदीत बोला, पण गप्प बसू नका. गप्प माणसाला काम येत नाही असेच समजले जाते. पंधरा दिवसांनी वही उलटून बघा. पहिल्या पानावरचे प्रश्न वाचून तुम्हालाच हसू येईल.

आखातातून परतलेल्यांसाठी

चाळिशी-पन्नाशीत नवी सुरुवात करणाऱ्यांचे कुणी फारसे बोलत नाही. सौदीत २०११ मध्ये निताकत योजना आली, कंपन्यांना स्थानिकांना ठरावीक नोकऱ्या देणे भाग झाले, आणि तेव्हापासून परतणाऱ्यांमध्ये आपलीही माणसे आहेत. वीस वर्षे तिकडे स्टोअर सांभाळले, एसीचे काम केले, आणि इथे म्हाप्रळला किंवा मंडणगडच्या बाजारात उभे राहिले की वाटते, आपल्याला इथले काहीच येत नाही. वय आडवे येते, आणि "दुबईवाला" म्हणून असलेला रुबाबही. लहान काम सुरू करायची लाज वाटते.

हिजरत करून मदीन्याला आलेले हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची गोष्ट अशा माणसासाठी आहे. मक्केतला माल, घर, सगळे मागे राहिलेले. साद बिन रबी (रजि.) यांनी त्यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि विचारले, बाजार कुठे आहे तेवढे सांगा. आणि सुके पनीर आणि तूप विकून सुरुवात केली. व्यापाराची अक्कल ते मक्केहून सोबत घेऊन आले होते, ती काही मागे राहिली नव्हती.

तुमचीही राहिलेली नाही. स्टोअरकीपरला मालाची नोंद, उधारीचा हिशेब, नासाडी टाळणे येते. आंबा-काजूच्या हंगामात नेमके हेच लागते. एसी दुरुस्त करणाऱ्याला आज तालुक्यात काम कमी नाही. आणि ज्यांना वाटते की आपल्या गावात काय चालणार, त्यांनी वेळासला जाऊन यावे. समुद्री कासवांची अंडी सांभाळायचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन उभे केले, पिल्ले समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईचे लोक येऊ लागले, आणि ज्या घरांनी कधी हॉटेल चालवले नव्हते त्यांनी घरातच पाहुणे ठेवायला सुरुवात केली. घरी रोज होते तेच जेवण, तीच अंगणातली झोपायची जागा. पाहुणचार तर आपल्या घरांतही काही कमी होत नाही.

शेवटी एक सावधगिरी. ज्याला स्वतःवर भरवसा नाही, तो भरवसा विकत घ्यायला निघतो, आणि विकणारे टपलेले असतात. "तुझ्याच्याने मुलाखत पास होणार नाही, पैसे दे, मी लावून देतो" म्हणणारा एजंट याच शंकेवर जगतो. जहाजावर जायचे असेल तर भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. आखातासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटची नोंदणी दिसते. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा असतो आणि आखाती देशांत नोकरीला जाताना त्यांना आधी मंजुरी घ्यावी लागते. व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. पैसे देण्याआधी कागद जमातीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा.

आणि जमातींना एक विनंती. आपल्या गावची कोण मुले-मुली कुठे काय काम करतात, याची एक वही मस्जिदीत किंवा मदरशात ठेवा. नाव, शिक्षण, काम, आणि फोन उचलायची तयारी असेल तर नंबर. मुलींसाठी वेगळी वही एखाद्या शिक्षिकेकडे ठेवली तरी चालेल. रमजानच्या सुट्टीत आणि ईदला सगळे गावी येतात, तेव्हा भरून घेता येईल. पुढच्या जूनमध्ये जो कुणी पहिल्यांदा एसटीत बसेल, त्याच्या खिशात दोन नंबर असतील.